नाव न घेतलेली आत्या

२० सप्टेंबर, शनिवार. रेडमंड

ऋजुता युनिव्हर्सिटीतून वीकएंडला घरी. तिच्या खोलीच्या खिडकीत नवी मांडामांड दिसली. मेणबत्त्या, शिंपल्यात मीठ, रोझमेरीची जुडी, एक सुरी जिला धारच नाही. तिच्या आईला, नीताला, वाटलं सजावट. मी विचारलं.

"बाबा, आय ॲम अ विच." व्हेजिटेरियन झाले असं सांगावं तसं.

"मराठीत सांग."

"मराठीत काय म्हणतात?"

सांगितलं नाही. 

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

आई-दादांचं पान वाढलं. हा विधी मी पुस्तकं समोर ठेवून स्वतः शिकलो. आता इथल्या मंडळात भटजी मिळाला नाही की मला फोन येतो. दर्भ, दिशा, क्रम, माझ्याकडून चूक होत नाही. ऋ. दारात उभी राहून बघत होती. संपल्यावर म्हणाली, "सगळ्यांची नावं घेतलीत? कोणी राहिलं नाही ना?"

नाही म्हटलं.

राहिलंय. तिला कसं कळलं असेल म्हणून दिवसभर... सहजच विचारलं असणार.

४ ऑक्टोबर, शनिवार

दोन आठवडे या विचक्राफ्टचाच अभ्यास. इंग्रजी मी वर्कशॉपमध्ये मॅन्युअलं वाचून शिकलो, कॉम्प्युटर उघडून-जोडून शिकलो, आज दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढून पोट भरतो. हे तर सोपं निघालं. ऋ.चा धर्म प्राचीन वगैरे काही नाही. गेल्या शतकात इंग्लंडात बसून जुळवलेला. थोडं कुठल्या गुप्त मंडळातून उचललेलं, थोडं लोककथांतून, उरलेलं मनाने. त्यांचा मोठा सण ऑक्टोबरअखेर येतोय, म्हणतात साविन, लिहितात भलतंच. तो सण जुना होता हे खरं. पण तेव्हाची माणसं त्या दिवशी नक्की काय करायची हे कोणालाच ठाऊक नाही. त्यांनी लिहून ठेवलं नाही, आणि ज्यांनी लिहिलं ते दुसऱ्या धर्माचे.

हे सगळं जेवताना तिच्यासमोर मांडलं. मुद्देसूद.

"ओके. आणि तुमचा सत्यनारायण किती जुना?"

फार नाही. मला माहीत आहे. तिला माहीत असेल असं वाटलं नव्हतं. नीता खाली बघून हसली आणि मग मात्र माझा तोल गेला. म्हटलं, तुझा खेळ आहे हा. आमच्या गावात या शब्दाने माणूस जातं. मराठीत काय म्हणतात विचारत होतीस ना? आमच्याकडे डाकीण म्हणतात. माझ्या आत्याला म्हटलं होतं.

मग सांगावंच लागलं. दादांची थोरली बहीण. विधवा होऊन माहेरी परतली, शेताच्या टोकाला खोपटात राहायची. शेजारची दोन लेकरं तापाने गेली. भगताने सुपात दाणे टाकले, तिचं नाव निघालं. त्या दिवसापासून गावात कोणी तिचं नाव घेईना. डाकिणीचं नाव घेतलं की ती ओ देते, म्हणजे घरात येते, अशी समजूत. आमच्या घरातसुद्धा कोणी घेतलं नाही. पुढे एका सकाळी काठ्या घेऊन गाव आलं. नदीकडे हाकलली. परत कोणाला दिसली नाही.

ऋ.ने ताट बाजूला सारलं. मला वाटलं, पोचलं.

५ ऑक्टोबर

काल एक सांगायचं राहिलं. राहिलं नाही, सांगितलं नाही. नीतालाही कधी नाही. आत्या खोपटाच्या ओट्यावर जेवायची. जेवून ताटली राखेने घासायची आणि ओट्यावर उपडी ठेवायची. लोकांनीच तसं ठरवून दिलं होतं. उताणी दिसली तर पोरांना आत ओढायचे, म्हणायचे तिला अजून भूक आहे. ती गेली त्या दिवशी मी बघायला गेलो होतो. ताटली ओट्यावर उपडी.

इतकी वर्षं हे डोक्यात नव्हतं. असेल.

११ ऑक्टोबर, शनिवार

पोचलं ते भलतंच. ऋ.च्या खिडकीत आता एक कार्ड आहे. इंग्रजीत: माझ्या आजोबांची बहीण, विच होती, जुन्या परंपरेसाठी मारली गेली. पुढे मेणबत्ती, फुलं.

म्हटलं, काढ ते.

"का? शी इज माय लिनिएज. तुम्हीच सांगितलंत."

"कसली परंपरा? तिला साधा काढा येत नव्हता. माझी आई तिला ओवा नेऊन द्यायची. ती विच नव्हती."

"तुम्हाला काय माहीत? यू वर सिक्स."

"गावाने एकदा तिला डाकीण केलं. आता तू करते आहेस. फरक एवढाच की तू फुलं वाहतेस."

रडली नाही. नीतासारखी ओठ दाबून उभी राहिली. मग म्हणाली की डिसेंबरमध्ये माझ्याबरोबर गावाला येणार आहे, आत्याची जागा बघायला, लोकांशी बोलायला, व्हिडिओ करायला. आणि साविनला त्यांची मंडळी वर्तुळ करून उभी राहतात, प्रत्येक जण आपल्या मेलेल्या माणसाचं नाव घेतो. "मला तिचं नाव हवंय, बाबा. काय होतं?"

तोंड उघडलं.

आत्या. एवढंच आलं.

१२ ऑक्टोबर

संध्याकाळी आक्काला फोन लावला. तिकडे सकाळ. माझी थोरली बहीण, गावातच दिलेली. त्या काळाचं माणूस आता तीच एक.

"आक्का, आत्याचं नाव काय होतं गं?"

"सकाळी सकाळी तिचं काय काढलंस?"

"नाव सांग फक्त."

"आत्या."

"आत्या हे नाव नाही."

"आपल्याला तेवढंच होतं, भाऊ."

"दादा काय हाक मारायचे?"

"आधी मारत असतील. मग नाही मारली." थोडं थांबून, "तू असं विचारू नको रे. मी घरात एकटी आहे."

ठेवून दिला.

माझ्या मेजावर कुठली स्क्रीन कोणत्या बटणावर अडकते ते मी झोपेत सांगेन. बापाच्या सख्ख्या बहिणीचं नाव सांगता येत नाही.

२० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पाऊस. संध्याकाळी बसस्टॉपवर एक बाई उभी होती, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, पाठमोरी. बसमधून उतरायचं सोडून बघत राहिलो. वळली. रेनकोटाची टोपी होती, कोणाची तरी गोरी आजी. तिने हात केला. मीही केला.

पूजा नीट झाली. नंतर स्वयंपाकघराच्या ओट्यावर धुतलेली ताटं मी एकेक करून उताणी ठेवत होतो म्हणे. नीता म्हणाली, "अहो, काय चाललंय? ताटं निथळायला उपडीच ठेवतात."

बरोबर आहे. उपडीच ठेवतात.

ऋ. आली नाही. परीक्षा आहे म्हणाली.

२३ ऑक्टोबर

पितरांच्या विधीची पुस्तकं पुन्हा काढली. नाव-गोत्र माहीत नसलेल्यांचीही सोय आहे. हरवलेल्या माणसाचीही आहे, किती काळ वाट बघायची ते धरून. तिला अज्ञात म्हणून पाणी सोडायचं म्हणजे... नाव होतं. आम्ही काढून घेतलं. त्याची सोय कुठे दिसली नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

ऋ.च्या वर्तुळाच्या म्होरक्या बाईंना कॉफीला भेटलो. जोआन. माझ्याहून मोठ्या, निवृत्त लायब्ररियन, गमबूट घालून आल्या होत्या. मी प्रिंटआऊट घेऊन गेलो होतो, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारून.

दोन पानं शांतपणे वाचली. म्हणाल्या, "हो, खरं आहे. अर्ध्याच्या वर आम्हीच जुळवलंय. उरलेलं ज्यांनी जुळवलं ते आता मेलेत, म्हणून ते जुनं वाटतं."

इतक्या तयारीनंतर माणूस समोरून हो म्हणतो तेव्हा काय करायचं ते मला येत नाही.

"मग मुलांना प्राचीन कशाला सांगता?"

"मी नाही सांगत. ती स्वतःच म्हणतात. मीही म्हणत असे. मागे कोणीच नाही असं वाटलं की माणूस मागे हात घालतो, लागेल ते धरतो." मग, "तुम्ही धरलं नाहीत? तुमच्या मुलीने सांगितलंय, पूजा तुम्ही पुस्तकातून शिकलात."

आत्याचं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, त्या शब्दापायी जे मेले त्यांना आम्ही सहज आमचे म्हणून टाकतो. ती माणसं असती तर आमच्या अंगावर थुंकली असती. तुमच्या मुलीला हे मी सांगून पटणार नाही. शुक्रवारी या. तुम्ही सांगा.

प्रिंटआऊट त्यांच्याकडेच राहिले. परत मागितले नाहीत.

३० ऑक्टोबर

आक्काने आपण होऊन फोन केला. ती कधी करत नाही.

"सगुणा असावं."

"असावं?"

"का सकवार. स वरून होतं. आई एकदा चुकून बोलली होती, मग तोंडावर हात ठेवला तिने. भाऊ, काल पत्र्यावर आवाज झाला तर मला वाटलं..."

"काय?"

"काही नाही. मांजर होतं."

दोन नावं. एक खरं, एक खोटं. किंवा दोन्ही खोटी.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

घरी येऊन लगेच लिहितोय.

जोआनच्या घरामागे मोठ्या देवदाराखाली. दिवेलागण, बारीक पाऊस. दहाबारा माणसं, रेनकोटातली. एकाच्या छातीवर कंपनीचा बिल्ला, ऑफिसातून तसाच आलेला. सफरचंदाच्या फोडी, मेणबत्त्या काचेच्या बरण्यांत. मी मनात चुका मोजत होतो. मग एक बाई तिच्या मुलाचं नाव घेताना अडखळली, आणि मोजणं राहून गेलं. प्रत्येक नावानंतर सगळे मिळून एक वाक्य म्हणायचे. सत्यनारायणाच्या कथेत अध्याय संपल्यावर म्हणतात तसं.

माझ्याआधी ऋ. होती. ती म्हणाली, "माय फादर विल से इट."

सगुणा म्हणणार होतो. समजा, सकवार असेल तर? चुकीच्या नावाला कोण ओ देईल? इतकी वर्षं कोणी हाक मारली नाही आणि मारली ती भलत्याच कोणाला.  इंग्रजी आलंच नाही. मराठीत म्हटलं, "माझी आत्या. नाव मला माहीत नाही. आमच्या लोकांनी नाव घेणं सोडलं. ती डाकीण नव्हती. तिला भूक लागायची, ती आम्हाला बोरं द्यायची, एवढंच मला माहीत आहे."

सगळे ऋ.कडे बघू लागले. ती आधी हातातली बरणी खाली ठेवत बसली. भाषांतर करता येत नव्हतं असं नाही. मग एकेक शब्द सुटा करून सगळं सांगितलं. "शी वॉज नॉट अ विच." तेवढ्यावर थांबेल वाटलं. थांबली नाही. "शी वॉज नॉट वन ऑफ अस. आय सेड शी वॉज."

ते ठरलेलं वाक्य या वेळी कोणी म्हटलं नाही. पाऊस तेवढा.

 घरी आल्यावर नीताकडून भाकरी करून घेतली. ठेचा घातला, कांदा. स्टीलची ताटली मागच्या अंगणात, पॅटिओच्या कडेला ठेवली. उताणी. कुठल्याही पुस्तकात हे नाही. मी केलं.

१ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी ताटली उपडी होती. धुतलेली. खालची फरशी कोरडी, पाऊस मात्र पहाटेपर्यंत होता.

नीता: "रकून असेल. ते धुऊन खातात म्हणे."

"ताट धुवत नाहीत."

"मग वारा."

उचलून पाहिली. राख नाही. वास नाही. होती तशी ठेवली. ऋ. उशिरा उठली, डोळे सुजलेले, कॉफी घेतली, मैत्रीण न्यायला आली तिच्याबरोबर सिॲटलला गेली. जाताना पॅटिओच्या दाराकडे बघितलं की नाही, नक्की सांगता येत नाही. मला नक्की सांगता येत नाही.

ताटलीचं फक्त मला आणि आक्काला माहीत आहे.

४ नोव्हेंबर

आक्काला फोन.

"तू ऋजुताशी काही बोललीस का?"

"पोरगी तर मला सारखी फोन करते की. तुला सांगत नाही? मराठी बरं बोलते आता. तुझ्यापेक्षा नीट विचारते."

"ताटलीचं सांगितलंस तिला?"

"कसली ताटली?" मग लगेच, "काय काय विचारते, काय काय सांगते मी. लक्षात राहतं का माझ्या?"

म्हणजे सांगितलं असेल. किंवा नसेल. आक्का खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलते.

डिसेंबरचं विचारलं. म्हणाली, "आण तिला. बघू दे. तो शब्द मात्र विमानातच ठेवून या. इथे अजून ऐकू जातो लोकांना."

नीता म्हणते, पोरीला नेऊच नका. स्वतःला काय म्हणवते ते एकाने जरी फोनवर पाहिलं तर.  सुट्टी मात्र टाकून ठेवली आहे, मंजूर झाली.

९ नोव्हेंबर, रविवार

ऋ. घरी. खिडकीतलं कार्ड नाही. मेणबत्त्या आहेत, मीठ आहे, सुरी आहे. म्हणाली, मी अजून विच आहे, बाबा. म्हटलं, माहीत आहे. ते जुनं आहे का नाही हा वाद पुन्हा काढला नाही, दोघांनीही.

मग तिने विचारलं, "नव्या कार्डावर दोन्ही नावं लिहू का? आक्कांनी मलाही सांगितली."

"पुढे 'असावं' लिही. दोन्हींच्या."

लिहिलं. अक्षर बरं आहे.

संध्याकाळी पॅटिओच्या काचेपाशी उभी होती. ताटली तिथेच, आठवडाभर मी हात लावलेला नाही. "उचलली नाहीत?"

त्या रात्री तू उपडी ठेवलीस का, एवढं विचारलं की संपलं असतं. ओठांवर होतं. ती हो म्हणाली तर ती आक्काकडून ऐकलेलं करत होती, आमच्याच घरातलं, आणि नाही म्हणाली तर...

विचारलं नाही. तिनेही आपण होऊन सांगितलं नाही.

जेवायच्या आधी भाकरी घेऊन बाहेर गेलो. ताटली गार, वर देवदाराची पानं पडलेली. पुसली. उताणी केली तर उद्या सकाळी पुन्हा बघावं लागेल, परवाही.

केली.