उतरवलेली माळ

रुआबांधा, भिलाई

प्रिय भाऊ,

लहान बहिणीचा नमस्कार. आईचे गुडघे कसे आहेत? तिले हे पत्र वाचून दाखवू नको.

इकडे ठीक आहे. मितालीच्या बाबांचा खोकला चालूच आहे, पण वरणभाताचे दोन घास खातात.

तू सांगतलं होतं, शार्क मासोळीले कॅन्सर होतच नाही, तिच्या मऊ हाडाच्या कॅप्सूल घेतल्या की फुप्फुसातली गाठ विरते. मितालीनं काल संशोधन काढून वाचून दाखवलं. शार्कलेही गाठी होतात. अन् फुप्फुसाच्या कॅन्सरच्या शेकडो पेशंटवर ते औषध तपासून झालं, घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले नाहीत. हे छापून कितीक वर्षं झाली. तू कावून नाही वाचलं?

मासोळीचं औषध घ्यायचं म्हणून मितालीच्या बाबांनी चाळीस वर्षांची तुळशीची माळ उतरवली. प्लँटमध्ये भट्टीसमोर ड्यूटी करतानाही ती कधी निघाली नव्हती. तूच फोनवर म्हणला होता, "जवाईबापू, जीव मोठा का माळ?"

आज मी कॅप्सूल फेकल्या अन् देवघरातली माळ यायच्यासमोर धरली. यायनं मान खाली घालून हात मागे घेतला. म्हणे, "मासोळी खाल्ली मी. आता कोणत्या तोंडानं घालू?" माळेशिवाय मरायचं भेव यायले गाठीपेक्षा जास्त आहे.

गाठ तुझ्यामुळे नाही झाली, ते मले समजते. पण खाली गेलेली ही मान तुझ्यामुळे आहे.

आईले जप. तू ये, औषध आणू नको. ही माळ तुझ्या हातानं यायच्या गळ्यात घालून दाखव.

तुझीच,
शीला