निळं फडकं नि अक्कावरचा आळ

११ फेब्रुवारी १९९६, धुळे
सुमनचा भाऊ दुबईहून आलाय. तिकडे गाड्या धुवायच्या दुकानात कामाला आहे. बाकीच्यांना सेंट, साबण, खजूर आणि मला चार निळी फडकी! पाकिटावर लिहिलंय मायक्रोफायबर. म्हणे, "दाजी, तिकडे गाडीला सुती कापड लावलं तर गिऱ्हाईक हसतं." मी म्हटलं, खान्देशात बसून कापसाला नावं ठेवतोस, तुला जेवायला वाढू की नको? हसला. फडकी ठेवून गेला.
अक्काने एक उचललं. तिच्या बोटांच्या भेगांत ते अडकलं, ओढून काढावं लागलं. "हाई कापड धरी ठेवस रे बापू, सोडत नही." नाक मुरडून परत दिलं. नवीन काही आणलं की माझ्या या बहिणीचं असंच. मिक्सर आला तेव्हा महिनाभर त्याच्याकडे पाठ करून पाट्यावर वाटत होती.

१३ फेब्रु.
ताडून पाहिलं. दुकानात डॉक्टरांची पांढरी गाडी पॉलिशला आली होती. टपाचा डावा भाग अक्काच्या सुती फडक्याने, उजवा नि.फ.ने (निळं फडकं, दर वेळी एवढं कोण लिहिणार). खरं तेच लिहितो. सुती मऊ, पॉलिश छान जिरवतं, पण मागे रुवा सोडतं. पांढऱ्या गाडीवर खपून जातं, काळ्यावर लाज जाते. आणि पाणी टिपताना चारदा पिळा. निळ्याने एका फेरीत पाणी गायब. रुवा शून्य. काच अशी की चिमणी येऊन आपटावी. दुबईवाला खरं बोलत होता, मेला.
अक्का दारात उभी राहून बघत होती. मी बोललोच, "बघ अक्का, तुझं धोतर हरलं."
ती आत गेली.

१४ फेब्रु.
काल तसं बोलायला नको होतं. दुकानाला सतरा वर्षं झाली, तितकीच वर्षं फडकी तिची. नवरा गेल्यावर माझ्याकडे आली तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाली होती, फुकट बसून खाणार नाही, काम दे. तेव्हापासून हे काम. गल्लोगल्ली जुनी धोतरं मागायची. काठ नि शिवणी हाताने फाडून टाकायच्या, कारण काठाचा दोरा टणक, रंगाला ओरखडतो. सोड्यात उकळायची, तीन पाण्यांतून काढायची, वाळत घरात घालायची, अंगणात नाही, धूळ बसते. मग एकेक फडकं गालावर फिरवायचं. टोचलं ते बाद. सतरा वर्षांत एका गाडीवर ओरखडा नाही. देवपुरात माझं जे काही नाव आहे, त्यातलं निम्मं तिच्या गालाचं.
सुमन म्हणते, हे वहीत काय लिहिता, त्यांच्या तोंडावर सांगा. सांगेन.

१९ फेब्रु.
शिरपूरचे नाना गाडी ठेवून गेले. काळी अ‍ॅम्बॅसिडर. कापसाचे शेतकरी, दुकान उघडल्यापासूनचं गिऱ्हाईक. मुलीचं लग्न २६ ला, पोरगी याच गाडीत बसून सासरी जाणार. "बापू, आरसा पाहिजे मला. पोरीने वाकून पाहिलं तर कपाळाचं कुंकू दिसलं पाहिजे." म्हटलं, दिसेल नाना.
अक्काने नानांच्या गाडीसाठी म्हणून बारा नवी फडकी काढून ठेवली. घडी घालून, वर स्वच्छ पंचा टाकून.

२१ फेब्रु.
बारा फडकी पंच्याखाली तशीच. मी निळं घेतलं. काळी गाडी, रुवा नको, हे खरं. पण अक्काला दाखवायचं होतं, हे जास्त खरं.
दुपारी बॉनेटवर शेवटचा हात चालू होता. सुमनने चहाला हाक मारली, वळलो, फडकं खांद्यावरून फरशीवर पडलं. समोर आग्रा रोड, दिवसभर ट्रक, फरशीवर कायम बारीक वाळू. उचललं, मांडीवर दोनदा झटकलं, पुढे चालू. सुती फडक्याचं सतरा वर्षं असंच करतोय, झटकलं की वाळू गळून जाते. निळ्यातून गळत नाही. धरून ठेवतं. कुणीतरी सांगितलं होतं मला. मी चांगलं दाबून, अगदी जीव लावून बॉनेट केलं, दोन्ही मडगार्ड केले. सावलीत काही दिसलं नाही.
संध्याकाळी गाडी उन्हात काढली. बॉनेटभर गोल गोल बारीक ओरखडे. फडकं उलटं करून बोट फिरवलं तर वाळूची खर लागली. फडकं मळक्या फडक्यांच्या गाठोड्यात तळाशी खुपसून टाकलं. कशाला खुपसलं? दुकानात मी एकटाच होतो.

२२ फेब्रु.
उद्या या सांगितलं होतं, तर नाना आज सकाळीच हजर. गाडी उन्हात उभी. बॉनेटवर बोट ठेवलं.
"बापू, हे काय?"
आणि मी, हे माझं नालायक तोंड, म्हणालो, "नाना, अक्काच्या फडक्यात काहीतरी राहिलं असणार. शिवणीचा तुकडा, दोरा. वय झालं ना, नजर कमी झालीय तिची."
नाना म्हणाले, "म्हणजे माझ्याच कापसाने माझ्या गाडीला बोचकारलं म्हण की." हसले नाहीत.
अक्का आतल्या दारात होती. पदर डोक्यावर सारखा केला, पुढे आली, नानांना हात जोडले. "चूक मनी शे नाना. पोरले काही बोलू नका."
पोर म्हणजे मी. बेचाळीस वर्षांचा.
एक वाक्य पुरे होतं. ती हात जोडून उभी होती तेवढ्या वेळात दहा वाक्यं बोलून झाली असती. नाही निघालं.

२४ फेब्रु.
दोन दिवस ओरखडे काढायचं कंपाउंड लावून घासतोय, अक्काच्याच बारा सुती फडक्यांनी. खांदे भरून आले. ओरखडे गेले. गाडीचा आरसा झाला. वाकून बघितलं, माझं थोबाड दिसलं, लगेच उठलो.
नाना गाडी न्यायला आले. खूश. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "म्हातारीला रागावू नकोस बरं." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२८ फेब्रु.
नानांच्या घरचं लग्न झालं. मी पोटाचं कारण सांगून गेलो नाही.
अक्का आता फडकं एका गालावर फिरवते, मग दुसऱ्या. मग सुमनला हाक. "तू देख बरं." सुमन म्हणते, मऊ आहे अक्का. तर म्हणते, "तू मनं मन राखस." आज चार फडक्यांना तासभर लावला आणि चारही बाद केली. मी उचलून पाहिली. एकातही काही नव्हतं.

१ मार्च
जेवताना सुमनला सगळं सांगितलं. तिने हातातली भाकरी ताटात ठेवली. "मला काय सांगता? त्यांना सांगा. आत्ता उठा."
अक्का मोरीत भांडी घासत होती. उठलो. मोरीपर्यंत गेलो. अक्काने मान वर केली, "पाणी पाहिजे का रे बापू?" म्हटलं, हो. तिने हात धुऊन तांब्या भरून दिला. प्यालो आणि परत येऊन ताटावर बसलो.
सुमन तेव्हापासून बोलत नाही. बरोबरच आहे.

४ मार्च
अक्का स्वतः म्हणाली, डोळ्याच्या डॉक्टरकडे ने. नेलं. डॉक्टर म्हणाले, आजी, वयाच्या मानाने फक्कड नजर आहे, सुईत दोरा ओवाल. मला वाटलं सुटलो. रिक्षात बसल्यावर अक्का हळूच म्हणाली, "डोळा चांगला शेतस. मंग मना गालच मरी गया."
घरापर्यंत दहा मिनिटं होती. रिक्षाचा आवाज फार आहे असं मनाशी म्हणत बसलो.

७ मार्च
भुसावळहून लता आली, अक्काची मुलगी. जावई रेल्वेत, तिथेच क्वार्टर. मला वाटलं सहज आली असेल. तर अक्कानेच निरोप धाडला होता, मला न विचारता. कायमची चालली.
मी म्हटलं, "जा की चार दिवस, बरं वाटेल."
"चार दिवस नही. आते मी आठे काय कामनी?"
लता आनंदात, नातवंडं आजीची वाट बघतायत म्हणे. सुमन माझ्याकडे बघत होती, मी भिंतीकडे. सतरा वर्षांची अक्का एका पत्र्याच्या पेटीत मावली. निघताना मळक्या फडक्यांचं गाठोडंही उचललं. "इतलं शेवटलं धुई धाडसू." मी नको नको म्हणतोय तर ऐकेना.
स्टँडवर एसटीत बसवून दिलं. खिडकीतून हात काढून माझ्या खांद्यावरचा रुवा वेचला. गाडी सुटली.

८ मार्च
दुकान उघडलं नि एकदम आठवलं. निळं फडकं! त्याच गाठोड्यात, तळाशी. अक्काबरोबर भुसावळला गेलं.

१२ मार्च
पत्र लिहायला बसलो. तीन कागद फाडले. अक्काला वाचता येत नाही, लता वाचून दाखवणार. म्हणजे मुलीच्या तोंडून आईला ऐकवायचं की मामाने तुझ्यावर खोटा आळ घेतला. तसं नको, समोर जाऊन सांगावं. समोर जायचं तर पाडव्यानंतर... लिहिताना कळतंय की हीही पळवाटच.
गाड्या दोन आल्या. एकीला उरलेल्या निळ्यांतलं नवं घेतलं, खाली पडू दिलं नाही, काम झकास झालं. फडक्याचा काही दोष नाही. सुतीचाही नव्हता.

१७ मार्च
जावयाच्या खात्यातला एक जण काही कामाने धुळ्याला आला होता, त्याच्या हाती गाठोडं आलं. सोडलं. सुती फडकी, एकेक धुऊन घडी घातलेली. सगळ्यांत वर निळं. धुतलेलं, साबणाचा वास. गालावर फिरवून पाहिलं. काही टोचलं नाही. त्याच्याखाली वर्तमानपत्राची लहानशी पुडी. उघडली. चिमूटभर वाळू.
त्या माणसाला विचारलं, काही निरोप? तो आठवून आठवून म्हणाला, "आजीबाई म्हणाल्या, बापूले सांग, निळं कापड सोड्यात उकळू नको. नि कापडमा जे व्हतं ते काढी ठेवेल शे."
आणखी?
"वेळेवर जेवतो का, ते विचारलंय."
म्हणजे कळलं तिला. भुसावळला धुताना कळलं, की नानांपुढे हात जोडले तेव्हाच कळलं होतं? त्या दिवशी बारा फडकी पंच्याखाली तशीच होती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? मग तरीही "पोरले काही बोलू नका" म्हणाली? मग डॉक्टर, मग गाल? विचार करून डोकं फुटायची वेळ आली.
सुमनने पुडी पाहिली. सोळा दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "सकाळच्या पहिल्या एसटीने जा. मी दशम्या बांधून देते."
जातोय. पुडी सदऱ्याच्या खिशात घातलीय. तिथे लता असेल, जावई असेल, पोरं असतील. नानांसमोर बोललो होतो ना, मग यांच्यासमोरच बोलायचं. पहिलं वाक्य ठरवलंय, अक्का, ते फडकं... त्यापुढचं अजून नाही ठरलं.
घरात पाय ठेवल्या ठेवल्या ती विचारणार, पाणी पाहिजे का. तेव्हा नाही म्हणायचं. तेवढं एक जमलं पाहिजे.