नावाडीण आणि वकिलांची पाटी

दि. ९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. पाच वर्षांनी दादाचं पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड शाबूत आहे. दुकान सध्या बंद ठेवलंय. सहजच. तीस वर्षं पितळेवर लोकांची नावं कोरली, म्हटलं थोडी विश्रांती.

लिहायचं कारण वेगळंच आहे. माळा आवरताना तुझा तो डबीसारखा उघडणारा, दोन पडद्यांचा गेम सापडला, चार्जरसकट. वहिनी म्हणाली, "दिवसभर बसून माझं डोकं खाता, त्यापेक्षा हे खेळा."

त्यातली ती कंदीलवाली नावाडीण जागची हलेचना. सगळी बटणं दाबून पाहिली. ढिम्म! शेवटी खाचेतलं काडीएवढं पेन काढून पडद्यावर टेकवलं, तर बाई त्या टोकामागे तुरुतुरु धावायला लागली. मी घाबरून पेन बाजूला ओढलं, ती थेट समुद्रात.

मला तर मजाच वाटली. खेकड्यावर टिचकी मारली की ती काठी हाणते. छोटा गोल काढला की कोलांटी घेते. नावेला वल्ही नाहीतच. नकाशावर रेघ ओढायची, नाव त्या रेघेवरून जाते. माझी रेघ वाकडी, म्हणून नावही वाकडी गेली, पण पोचली. पडद्याला कळतं तरी कसं गं, मी कुठे टेकवलंय ते?

अडलो तिसऱ्या बेटावर. तिथल्या दारावर शंखाची खूण पेन न उचलता काढायची असते. म्हटलं, हा तर आपल्या हातचा मळ. अकरा वेळा काढली, अकरा वेळा दार बंद. वहिनी मागून म्हणाली, "अहो, पितळ नाहीये ते. काच फोडाल!" खरंच मी कोरणीसारखं दाबत होतो. मग पेन नुसतं बोटांत ठेवलं आणि हात सैल सोडला. दार उघडलं.

तू कुठवर पोचली होतीस ते बघावं, म्हणून मग तुझा जुना डाव उघडला. नकाशावर पेनाने लिहूनही ठेवता येतं, हे तेव्हा कळलं. सगळीकडे तुझं अक्षर. 'इथे खणू नये, खेकडे.' आणि त्या शंखाच्या दारापाशी: 'हे दादाला दाखवायचं.'

दोन दिवस मी त्या डबीला हात लावला नाही.

दुकान सहज बंद नाही, ठमे. माझा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात, कमी होईल, जाणार नाही. आणि तो आत्ता थरथरायला लागलेला नाही. पाच वर्षांपूर्वी वकिलांच्या त्या पाटीवर सकाळी तू दुकानात काम केलंस आणि जेवायला गेलीस. नंतर कोरणी घसरली ती माझ्या हातून. तू परत आलीस तेव्हा वकील समोर उभे होते आणि मी म्हणालो, "बहिणीने बिघडवली. तिच्या हाताला वळणच नाही." तू ती घसरलेली रेघ बोटाने चाचपून पाहिलीस. चूक आपलीच, असं तुला वाटलं असणार. ते मला सोयीचं होतं. तू घर सोडलंस तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

काल वकिलांकडे जाऊन खरं सांगितलं. ते चष्मा काढून म्हणाले, "अहो, मी ती पाटी केव्हाच विसरलो."

"ती नसेल विसरली," मी म्हटलं.

वहिनीलाही सांगितलं. तिने माझं ताट वाढलं आणि स्वतः आत जाऊन जेवली. बरोबरच केलं.

तू हल्ली कारखान्यात कपांवर फुलं रंगवतेस, असं तिच्याकडून कळतं. तुझा हात तेव्हाही चांगला होता. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं, चारचौघांत.

ये, असं म्हणायचा हक्क मी घालवला. पण पाचव्या बेटावर अडलोय. तिथल्या मेणबत्त्या विझवायच्या आहेत आणि पेनाने काही केल्या विझत नाहीत. काय करायचं तेवढं कळव. रागाने कळवलंस तरी चालेल.

पाटी ज्याने बिघडवली, तो तुझा
दादा