दाराजवळची चांदणी

३ जून, मंगळवार

खोली ताब्यात मिळाली. तिसरा मजला, जिन्याला लागून. तीन भिंतींवर नुसते काळे फळे! विद्यापीठातल्या गणितवाल्यांची ही बसायची, शिकवायची आणि भांडायची जागा. त्यांच्या मुख्य बाई साठीच्या असतील. दाजींनी विचारलं, तुमचं गणित नेमकं कसलं हो? म्हणाल्या, "सुट्या वस्तूंचं. ठिपके, रेघा, लाद्या. कशाशेजारी काय बसतं, ते."

"मग आपला धंदा एकच की!" दाजी म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. "हो," म्हणाल्या.

लाद्या दोनच तऱ्हेच्या. पत्त्यातल्या चौकटीसारख्या — एक लठ्ठ, एक रोड. कडांवर बाण कोरलेत. शेजारणीचा बाण जुळला तरच लावायची. आणि भिंतीलगत सोडून कुठेही लादी कापायची नाही. बाईंनी हे दोनदा सांगितलं. चादरीएवढा नकाशाही दिला. दाजींनी तो खाली अंथरला आणि त्यावर सिमेंटचा मसाला कालवला. "वीस वर्षं फरश्या लावतोय. आता कागद बघून लावू?"

४ जून

दाजींचा नियम — दारातून दिसतं ते आधी आणि देखणं, कापाकापी लांबच्या कोपऱ्यात. म्हणून दारापासून सुरुवात. मी पाच लठ्ठ टोकाला टोक लावून ठेवल्या. चांदणी झाली! दाजी म्हणाले, "इथे रोड घे." मग बाण बघितले. "बरं, राहू दे. जुळतंय ना."

फोटो ताईला पाठवला. ताईचं उत्तर — "छान. आता पळू नकोस."

७ जून, शनिवार

गुडघे गेले.

९ जून, सोमवार

सगळे येतात, दाराशी थबकतात, चांदणी ओलांडून आत येतात. तिच्यावर पाय देत नाहीत. बाईंचा एक विद्यार्थी आहे, चष्मेवाला, खडू खिशात घेऊन फिरतो. तो म्हणाला, अशी चांदणी कागदावर हजारदा काढली, पायाखाली पहिल्यांदा बघतोय. मी म्हटलं, आत्ताच पुसलीय, बाजूने या.

१२ जून, गुरुवार

ताईचे दिवस भरत आलेत. दाजी उद्या घरी निघणार. खोलीचा पाव भाग राहिलाय, तो माझ्यावर. निघायची तयारी करता करता म्हणाले, "चार कामं अर्धी टाकून पळालास. अडलं की पिशवी उचलतोस. हे पुरं कर. परत आलो की चारचौघांत तुला मिस्त्री म्हणेन." आणि थापी माझ्या हातात दिली. स्वतःची. मला वाटलं होतं, घेऊन जातील.

१७ जून, मंगळवार

अडलं.

खिडकीजवळचा कोपरा. भिंतीपासून हातभर आत तीन लाद्यांची जागा उरली. लठ्ठ बसत नाही, रोडही नाही. बाण जुळवले तर आकार बसत नाही, आकार बसवला तर बाण उलटे. दुपारभर पालथा पडून एकेक बाण मागे तपासत गेलो. चूक सापडेना. एकही!

दाजींना फोन. "मूर्खा, कुठेतरी चुकलायस. तिथे कपाट येणार आहे ना? मग काप आणि मोकळा हो."

१८ जून

कापल्या. सुरेख बसल्या. बाणही कोरले हाताने, खऱ्यासारखे.

१९ जून

कपाट आलं. चौघांनी मिळून त्या कोपऱ्यात सरकवलं. बाईंनी विचारलं, "झालं?" म्हटलं, "झालं." त्यांनी काम पुरं झाल्याच्या कागदावर सही केली.

२० जून, शुक्रवार

ताईला मुलगी झाली. दोघी ठीक. दाजी फोनवर रडत होते, मग एकदम म्हणाले, "मिस्त्री, पाटपट्टी राहिलीय ना बाहेरची? तेवढी उरक." मिस्त्री म्हणाले! मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. आनंद व्हायला हवा होता.

२३ जून, सोमवार

बाहेर भिंतीच्या तळाशी पाटपट्टी लावत होतो. आत बाईंची शिकवणी. सगळे फरशीवरच बसलेले. बाई म्हणाल्या, "प्रत्येक खूण जुळूनही अडकता येतं. आणि जिथे अडकतो, तिथे चूक नसते." एका मुलीने विचारलं, मग करायचं काय? "मागे जायचं." किती मागे? "ते आधी सांगता येत नाही."

चष्मेवाला म्हणाला, "नाहीतर कापून बसवायचं!"

सगळे हसले. मोठ्याने, खूप वेळ. वाईट हेतू नव्हता. त्यांना माहीतच नव्हतं.

२४ जून

बाईंना सांगितलं. त्या चहाचा कप धूत होत्या. पुरता विसळला, उपडा ठेवला, मग म्हणाल्या, "चला, कपाट सरकवा." वाकून पाहिलं. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "हात चांगला आहे तुमचा," एवढंच बोलल्या. अहो-जाहो करतात मला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२६ जून, गुरुवार

दोन दिवस बाई आणि विद्यार्थ्यांची तीन फळे भरून आकडेमोड. आज मला बोलावलं. खिडकीपासून दारापर्यंत एक वाकडा पट्टा खडूने आखलेला. पट्ट्यातल्या लाद्या फिरवून लावल्या की कोपरा आपोआप बसतो. पण पट्टा थेट दाराशी संपतो.

चांदणीत.

चष्मेवाला खाली बघत म्हणाला, "चांदणीत चूक नाही. पण ती आणि बाकीची फरशी एका घरात नांदू शकत नाहीत. अख्खी फरशी काढा, नाहीतर ती, या पट्ट्यासकट."

बाई म्हणाल्या, "ती कोणी ठेवली होती?"

"मी."

"आम्ही उत्तर दिलं. सही मी केलेलीच आहे. कपाट परत सरकवायचं असेल तर तेही चालेल. तुम्ही ठरवा. सोमवारी वर्ग सुरू होतात." आणि नवीन नकाशा देऊन गेल्या.

चिकटलेली लादी निघत नाही. फोडावीच लागते.

२७ जून

दाजी — "वेड लागलंय का तुला? सही झालीय! एवढी हौस असेल तर मी येईपर्यंत थांब. पळून तरी जा, पण हातोडी लावू नकोस."

मागून ताई — "त्याला सांगा, बाळाच्या उशाशी चांदणीचा फोटो लावलाय."

२८ जून, शनिवार

दुसऱ्या शहरात काम आहे, ओळखीतलं. सरळ चौकोनी लाद्या. उद्या सकाळची नऊची गाडी. पिशवी भरली. दोन शर्ट, चादर, हातोडी, दाजींची थापी.

२९ जून, रविवार

किल्ली द्यायला वर गेलो. अजून कोणी आलं नव्हतं. दाराशी गुडघे टेकले तर ठणकले. पिशवीतून हातोडी काढली, पिशवी गुडघ्यांखाली घेतली. पहिला घाव चांदणीच्या मधोमध.