अकरा प्रदक्षिणा आणि एक बस

श्रूजबरी,
३ एप्रिल २०२५

चि. प्रल्हाद यास रत्नाताईचे अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू मनाने जुळवतोस. मेसेज करावा, तर माझा प्रत्येक मेसेज शंतनूच्या घरच्या टॅबवरही उमटतो. त्याने काय जोडून ठेवलंय देव जाणे. आईची काळजी म्हणे! म्हणून हा जुना मार्ग.

फेब्रुवारीत मी दारातल्या बर्फावर घसरले आणि उठले, झालं एवढंच. पण तेव्हापासून तुझ्या भाच्याने एकच धोशा लावलाय, की हे घर विकायचं आणि मी चार तासांच्या विमानाच्या वाटेवर, त्याच्याकडे अर्विंगला राहायला जायचं. नेत्राने माझ्या खोलीला पडदेसुद्धा लावून टाकलेत. सून गुणाची आहे, तक्रार नाही. पण ती दोघं कामावर, छोटी इला शाळेत, आणि मी दिवसभर त्या पडद्यांकडे बघत बसू? इथे लायब्ररी चालत सात मिनिटांवर आहे. मंगळवारी भजन असतं, रविवारी शैलजाच्या बेसमेंटमध्ये मुलांना मराठी शिकवते. अठ्ठावीस वर्षं झाली या घरात.

तर मी पैज लावली आहे. शंतनूला कामासाठी तोक्योला जायचंय आणि आम्हा सगळ्यांना तो बरोबर नेतोय. तिथून निक्को नावाच्या डोंगरातल्या गावी एक बस जाते. दिवसभरात देवळं आणि धबधबा दाखवून संध्याकाळी साडेसातला परत आणून सोडते. त्या बसने मी एकटी जाणार. त्याला एकदाही फोन न करता वेळेवर परतले, तर घराचा विषय कायमचा बंद. उशीर झाला, तर मुकाट्याने अर्विंग.

सुलेखाला आशीर्वाद सांग. तिच्या हातचं गोड कमी खात जा.

तुझी,
ताई

*

चँडलर,
९ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तू आणि वेळेवर? माझ्या लग्नात भटजी अंतरपाट धरून ताटकळले होते आणि करवली गजरा शोधत होती, हे मी विसरलेलो नाही. देऊळ दिसलं की तुझे पाय आपोआप गोल फिरायला लागतात. गाइडच्या झेंड्यामागे चाल आणि नवसबिवस अजिबात बोलू नकोस.

आणखी एक. ‘घसरले’ आणि ‘उठले’ या दोन शब्दांच्या मध्ये किती वेळ गेला, ते तू लिहिलेलं नाहीस. मी विचारत नाही, फक्त लक्षात आलं एवढं कळवतो.

सुलेखा म्हणते की थर्मल घाल, डोंगरात गारठा असतो. येताना माझ्यासाठी काही आणू नकोस, म्हणजे काहीतरी आणच.

तुझा आज्ञाधारक (हसू नकोस),
प्रल्हाद

*

श्रूजबरी,
२८ एप्रिल

चि. प्रल्हाद यास अ. उ. आ.

परवा परतले. पैज जिंकले आणि घर राहिलं. आता पुढचं वाच आणि माझ्यावर ओरडू नकोस.

सकाळी बस वेळेवर निघाली. बावीस माणसं, त्यात भारतीय मी एकटी. गाइडचं नाव मियुकी, तिशीतली मुलगी, बोलणं अगदी हळू आणि गोड. देवळाच्या दारात दगडी कुंडात झुळझुळ पाणी आणि त्यावर लाकडी पळ्या. मी सवयीने उजव्या तळहातावर घेतलं, प्यायले आणि हात डोक्यावरून फिरवला. मियुकी धावत आली. पाणी हात धुवायला आणि चूळ भरायला असतं म्हणे. पण तोवर माझ्यामागच्या नऊ जणांनी तीर्थ घेऊन डोक्यालाही लावलं होतं. ओहायोच्या एका आजोबांनी तर टोपी काढून लावलं.

आत गांधीजींची तीन माकडं कोरलेली आहेत. ती मूळची तिथली की काय! जेवायला सोयाबीनच्या दुधावरची साय होती. मिठाशिवाय बरी लागली.

आता मुख्य गोष्ट. मोठ्या देवळांत प्रदक्षिणेला वाटच नाही, जिकडे तिकडे दोऱ्या बांधलेल्या. माझ्या मनाला चुटपुट लागली. उतरताना उंच झाडांत एक लहानसं देऊळ दिसलं, चारही बाजूंनी मोकळं. मियुकीने दहा मिनिटं दिली होती. मी हात जोडले आणि म्हटलं, बाबा, तू कोण आहेस ते मला ठाऊक नाही, पण माझं घर राहू दे, अकरा प्रदक्षिणा घालते. चौथ्या फेरीला मागे वळून बघते, तर अख्खी बस माझ्यामागे! त्यांना वाटलं, हेही कार्यक्रमातच आहे. ओहायोचे आजोबा बोटं मोजत होते. मियुकी झेंडा हलवत आली, सगळ्यांना बोलावून दमली आणि शेवटी आमच्यामागूनच चालायला लागली. मी थांबायला हवं होतं, कळत होतं. पण नवस सातवर सोडायचा कसा? माझा गुडघा दुखरा, त्यामुळे अकरा व्हायला वेळ लागला. बस पस्तीस मिनिटं उशिरा निघाली.

मग वळणावळणाचा घाट आणि लिफ्टने खाली उतरून धबधबा. काय सांगू तुला! एवढं पाणी एका दमात खाली येतं आणि आपण नुसते भिजत उभे. तुझ्या दाजींची फार आठवण आली. रडले थोडी. तिथे कुणाला दिसत नाही, सगळ्यांचेच चेहरे ओले.

परतायला आठ वाजून दहा मिनिटं झाली. शंतनू थांब्यावर उभा होता, तोंड पांढरंफटक. मी उतरताच सांगितलं की ट्रॅफिक होतं. तो म्हणाला, ट्रॅफिकला तू काय करणार, उशीर तुझा नाही, घराचा विषय संपला. आणि त्याने मला असं घट्ट धरलं की बोलताच येईना. मीही नंतर बोलले नाही. जिंकले खरी, पण तेव्हापासून घास गोड लागत नाही. काय करू, सांग.

तुझी,
ताई

*

चँडलर,
४ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुलेखाला पत्र वाचून दाखवलं, ती हसून हसून खुर्चीत आडवी झाली. घरासाठी प्रदक्षिणा घातल्यास आणि त्या प्रदक्षिणांपायीच घर जायची वेळ आणलीस. असा नवस तूच करू जाणे.

माझा सल्ला सरळ आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बस. तू खरं बोललीस, तर शंतनू लगेच घर विकायला काढील आणि मी भजनाचे किस्से कुणाकडून ऐकू? घास आपोआप गोड लागेल, थोडं लोणचं घे.

उत्तराची घाई नाही. पण रोज पोस्टाची पेटी बघतो.

तुझा,
प्रल्हाद

*

अर्विंग,
१८ मे

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

मराठीत पत्र किती वर्षांनी लिहितोय, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. तुम्ही आईला गप्प राहायला सांगितलंत, हे तिने मला सांगितलं. तुमचा सल्ला तिने मानलेला नाही, हे तुम्हाला कळवायचं कामही माझ्याकडेच दिलंय.

मदर्स डेला तिने फोन केला. मी शुभेच्छा देण्याआधीच सुरू झाली. ट्रॅफिक नव्हतं, अकरा प्रदक्षिणा होत्या, सगळं सांगितलं. मी हसत होतो, इतक्यात म्हणाली की अजून एक आहे. फेब्रुवारीत ती घसरून लगेच उठली नव्हती. चाळीस मिनिटं ड्राइव्ह-वेवर पडून होती. शेजारचा कबीर कुत्र्याला फिरवायला निघाला, त्याने उचललं. त्या सकाळी मी तिला सहा फोन केले होते. दुपारी तिने उचलला आणि म्हणाली, काही नाही रे, बाथरूममध्ये होते. पुढे म्हणाली, आता तुला सगळं ठाऊक आहे, घराचं काय ते तू ठरव.

मामा, मला खूप राग आला. मी फोन ठेवला. दोन दिवस नेत्रावरही चिडचिड केली. तोक्योत त्या रात्री बसच्या थांब्यावरही मी असाच जिवाला घोर लावून उभा होतो, फोन करायचा नाही असं ठरलेलं म्हणून. आई पडेल याची मला भीती वाटतेच. पण पडली तर ‘काही नाही रे’ म्हणेल, याची त्याहून जास्त वाटते. अर्विंगला आणलं असतं, तरी शेजारच्या खोलीतून ती हेच म्हणाली असती.

म्हणून ठरवलंय, घर विकत नाही. जूनमध्ये येऊन दारातल्या पायऱ्यांना कठडा बसवतो. त्याच्या रंगावरून आमचं भांडण चालू आहे. नेत्राने पडदे काढलेले नाहीत, आई पाहुणी म्हणून येईल तेव्हा असू देत म्हणते.

काल संध्याकाळी आईने आपणहून फोन केला. म्हणाली, गुडघा फार दुखतोय रे. बाबा गेल्यापासून तिने मला काही दुखतंय म्हणून कधी सांगितलं नव्हतं. मी तिला बर्फाने शेकायला सांगितलं, फोन ठेवला आणि मामा, काय बरं वाटलं म्हणून सांगू!

मामींना नमस्कार. तुमचा लोभ माझ्यावर आहेच, पण सल्ले मात्र थोडे कमी द्यावेत.

तुमचा भाचा,
शंतनू