पाहुण्याचं पाणी

माळवाडी, पो. उत्रोली, ता. भोर
४ फेब्रुवारी १९७४

चि. जगन यास बाजीरावाचा जयभीम व अ. आ.

इकडे सर्व ठीक. तूही पुण्यात ठीक असशील असं धरून चालतो, कारण तुझं पत्र नाही. कचेरीत कारकून झाल्यापासून घरी लिहायला हात दुखतो का, असं आई विचारते आहे.

तुझ्याच कचेरीतले पाण्याचे साहेब परवा येऊन गेले. सूत रंगवायचा तो कारखाना बंद पडून चार वर्षं झाली, पण त्याच्या खड्ड्यांतलं रंगाचं पाणी अजून आपल्या वस्तीच्या विहिरीत झिरपतं, ते त्यांना दाखवलं. पाणी उपसून, चुना टाकून, वाळू-कोळशातून गाळायची टाकी बांधायचं त्यांच्या मनात आहे. सरपंच आनंदरावांनी जागाही मिळवली, सोनबाच्या बांधालगतचे दोन गुंठे. सोनबा तासभर कुरकुरला आणि मग स्वतःच खुंट्या ठोकू लागला.

माझी कमळी धुणं धुऊन आली की हातांना खोबरेल लावून बसते. खाज थांबत नाही, कातडी सोलते. टाकी झाली तर पोरीचे हात बरे होतील, मला दुसरं काही सुचत नाही.

जागा मोजताना साहेबांनी तपासणीसाठी दोन बाटल्या दिल्या होत्या. त्या घरून भरून त्यांच्या हाती दिल्या. पुढचं तू कळव, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
बाजीराव


पुणे
२६ फेब्रुवारी १९७४

ती. दादांना जगनचा सविनय जयभीम, वि. वि.

हात दुखत नव्हता, लिहायला धीर होत नव्हता. बाटल्यांचा अहवाल माझ्याच टेबलावरून गेला. माळवाडीचं पाणी पिण्यास उत्तम, असं त्यात लिहिलंय. यंदा तालुक्यात एकच टाकी व्हायची आहे, त्यामुळे यादीत आपल्या नावावर रेघ मारली गेली.

दिवाळीत त्या पाण्यानं माझा पांढरा सदरा पिवळा झाला, तो अजून पेटीत आहे. मग पाणी उत्तम कसं? बाटल्या कोणी भरल्या, तेवढं शोधून कळवा. यादी मार्चअखेर पक्की होईल. पण दादा, चढ्या आवाजात विचारू नका. तुमचा आवाज मला ठाऊक आहे.

कमळीला पापा. मला विसरू नये.

आपला,
जगन


माळवाडी
३ मार्च १९७४

चि. जगन यास अ. आ.

बाटल्या आईनं भरल्या. आवाज चढवायची वेळच आली नाही, कारण चूक निम्मी माझी आहे. साहेबांच्या बाटल्या भरून ठेव, एवढंच मी तिला म्हणालो होतो. साहेबांना वाटेत प्यायला हव्यात, असं ती समजली. भर उन्हात टेकाडावरच्या गावविहिरीवर गेली आणि बाटल्या फडक्यानं पुसून भरून आणल्या.

त्या विहिरीला हात लावायची तिला जन्मभर बंदी होती, हे तुला सांगायला नको. आता सात वर्षं आपण तिथं भरतो. एवढा मोठा साहेब पहिल्यांदाच आपल्या ओट्यावर बसला, त्याला काय ते पिवळं, वासाचं पानी द्यायचं व्हय, असं ती मलाच विचारत होती. खरं कळल्यापासून दोन दिवस नीट जेवलेली नाही. कमळीचे हात मांडीवर घेऊन बसते.

सोबत अर्ज आहे. झालेली चूक लिहून त्यावर तिनं अंगठा दिलाय. टेबलावर ठेवू नकोस, साहेबांच्या हातात दे. आमचा सगळा भार तुझ्यावर आहे.

बाजीराव


माळवाडी
१६ मार्च १९७४

चि. जगन यास अ. आ.

साहेब काल पुन्हा आले. आईनं कोणाला दोराला हात लावू दिला नाही. वस्तीच्या विहिरीत स्वतः पोहरा सोडला आणि साहेबांसमोर बाटल्या भरल्या.

नंतर साहेबांनी ओट्यावर बसून प्यायला पाणी मागितलं. गावविहीर होळीलाच आटली. सोनबाच्या मळ्यातल्या विहिरीचं तांब्याभर आणावं म्हणून मी उठलो, तर आईनं मला खाली बसवलं. पाहुण्याला देन्याजोगं पानी आमच्या घरात न्हाई, हेच लिवा, असं तिनं साहेबांना हात जोडून सांगितलं.

साहेब तसेच गेले. साठ वर्षांत आईच्या दारातून कोणी तहानलेलं गेलं नव्हतं. जीप वळेपर्यंत ती उभी राहिली आणि मग पदर तोंडाला लावून रडली. मलाही राहवलं नाही.

बाजीराव


पुणे
२८ मार्च १९७४

ती. दादांना सविनय जयभीम, वि. वि.

साहेब त्या दिवशी कचेरीत आले ते थेट माठाकडे. दोन पेले प्यायले आणि मग मला लिहून घ्यायला बसवलं. अहवालात प्रयोगशाळेचे आकडे नंतर आले, पण पहिली ओळ आईची आहे, जशीच्या तशी.

काल यादी पक्की झाली. माळवाडीला टाकी मंजूर आहे. पावसाआधी पाया खणतील, तेव्हा सोनबाला त्याच्या खुंट्या पुन्हा ठोकायला सांगा.

ती म्हातारी तुझी कोण, असं साहेबांनी आज सहज विचारलं. माझी आई, असं मी सांगितलं. मग ते म्हणाले की टाकीचं पाणी सुरू होईल त्या दिवशी मी येणार, त्या घरचा एक तांब्या माझा राहिला आहे.

आईला म्हणावं, जेवून घे आणि तांब्या घासून ठेव.

सदैव आपला,
जगन