धातू आणि उपसर्ग

नागपूर,
वैशाख वद्य पंचमी
(तुमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर १७ मे २०२५)

चि. चिन्मयी,

आशीर्वाद पाकिटात मावतील तेवढे घातले आहेत. बाकी मजकूर तक्रारीचा आहे, तो बसून वाच.

फेब्रुवारीत आलीस तेव्हा दोन काचेच्या कुप्या आणि एक जांभळ्या उजेडाचा टॉर्च माझ्या टेबलावर ठेवून गेलीस. टॉर्च मारला की एक कुपी हिरवी पेटायची, दुसरी लाल. मी विचारलं, यात वेगवेगळं काय घातलंस? तू म्हणालीस, "बाबा, दोन्हीत धातू एकच. मँगनीज. त्याच्याभोवती हॅलाइडचे चार शेजारी बसले तर हिरवा, सहा बसले तर लाल. रंग नुसत्या धातूचा नाही, मांडणीचा आहे."

त्यावर मी म्हणालो होतो, आमच्याकडे हे फार जुनं आहे. 'हृ' हा धातू एकच. पण आधी 'आ' बसला की आहार, 'वि' बसला की विहार, 'सम्' बसला की संहार. उपसर्ग बदलला की अर्थ बदलतो. तू म्हणालीस, "तुमचे उपसर्ग उजेड कुठे पाडतात?" उत्तर बरं होतं, म्हणून त्या दिवशी तुला जेवायला वाढलं.

तर तक्रार अशी की, बेंगळुरूचा हा माल टिकाऊ नाही. एप्रिलच्या अखेरीपासून दोन्ही कुप्या मला सारख्याच दिसतात. हिरवी मातकट, लालही मातकट. तुझ्या हिरवीने गुपचूप दोन शेजारी वाढवून घेतले, की लालने दोन घालवले, याचा खुलासा व्हावा.

मी आळशीपणे स्वस्थ बसलो असं समजू नकोस. हवेतली ओल लागली तर स्फटिकातली मांडणी बिघडते आणि रंगही, हे तूच सांगितलं होतंस. घरात ओल कुठून येणार? कूलरमधून. म्हणून कूलर बंद केला. कुप्या तांदळाच्या डब्यात पुरल्या. मग रोज दुपारी गच्चीवर उन्हात ठेवल्या, कारण तापवलं की मांडणी पूर्ववत होते, हेही तुझंच. रुखमाबाई पोळ्या टाकून उठल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, पंचेचाळीस डिग्रीत कूलर बंद करून बसून राहिले तुमी. काहून?"

"हवा कोरडी ठेवतो आहे."

"आनखी कोरडी? मंग पापड घरातच सुकवाले टाकतो मी. गच्चीवर चढाचं काम नाही."

त्याच आठवड्यात मी आणलेल्या टमाटरांवरून त्यांनी माझी आणखी एक हजेरी घेतली. अर्धे कच्चे, हिरवे निघाले म्हणे. मी भाजीवाल्याला दोष दिला. माणूस चांगला आहे, त्याची क्षमा मागायची राहिली आहे.

*

इथवर शनिवारी लिहिलं. आज सोमवार. मधले दोन दिवस पत्र पुढे सरकेना, कारण तक्रार खोटी आहे हे मला गेल्या गुरुवारीच कळलं होतं. तरी ती लिहिली. इतकी वर्षं तुला पत्र लिहायचं म्हणजे आधी काहीतरी कुरकुर करायची, ही सवय.

गुरुवारी रुखमाबाई टेबल पुसत होत्या. त्यांचा हात लागून टॉर्च लागला.

"अगं बाई, हे त कसं चमकून राहिलं, पोपटावानी. आन हे कुंकवावानी."

मी जवळ गेलो. मला पोपटही दिसेना, कुंकूही.

"कोणती पोपटासारखी?"

"मजाक करता का सर?"

मी गंमत करत नाही हे पटायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी दोन्ही कुप्या पाठीमागे नेल्या, अदलाबदल केली आणि पुढे धरल्या. असं चारदा केलं. तीनदा मी चुकलो. चौथ्यांदा बरोबर आलं ते अंदाजाने. त्यानंतर त्या थट्टा करेनात. कुप्या हळूच खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, "सर, त्या गोळ्यावाल्या डॉक्टरकडं जा बरं तुमी. आजच."

कोणत्या गोळ्या, असं तू आता विचारशील.

जानेवारीत माझ्या मानेत गाठ आली. तपासली. क्षयाची निघाली. फुप्फुसं साफ आहेत, कोणाला लागण होण्यासारखा प्रकार नाही, सहा महिन्यांत बरा होतो असं सांगितलं, आणि गोळ्या सुरू झाल्या. तू आलीस तेव्हा मी चार दिवस मफलर बांधून हिंडत होतो आणि तुला घसा बसला म्हणून सांगितलं. रुखमाबाईंना गप्प राहायची शपथ घातली होती. त्यांनी ती पाळली, हे लक्षात घेऊन त्यांच्यावर रागावू नकोस.

त्या गोळ्यांतली एक कधीकधी डोळ्याच्या नसेला धरते. सुरुवात लाल-हिरव्यापासून होते. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, रंग फिके वाटले तर त्याच दिवशी या. मी मान हलवली होती. पण रंग फिके वाटले तेव्हा माझ्याजवळ तुझं सगळं शास्त्र तयार होतं. ओल, शेजारी, मांडणी. इतका नीट शिकलो होतो की, स्वतःचे डोळे सोडून सगळ्यांवर संशय घेतला.

गोळ्यावाल्या डॉक्टरांनी लगेच सदर भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी विचारलं, "किती दिवसांपासून?"

"तीन आठवडे."

"मग थांबला होता कशासाठी?"

"हवा कोरडी व्हायची वाट बघत होतो," असं मी खरंच म्हणालो. ते हसले नाहीत.

ती गोळी बंद केली आहे. बाकीच्या चालू आहेत, गाठही जवळजवळ गेली आहे. रंग परत येतील का, तर बहुधा. किती दिवसांत? काही महिने. नक्की? यावर ते कागदावर काहीतरी लिहू लागले.

जुन्या वैद्यक ग्रंथांत, रोगामागून जो दुसरा त्रास येतो त्यालाही उपसर्गच म्हणतात. अठ्ठावीस वर्षं वर्गात उपसर्ग शिकवतो आहे. हा अर्थ तास संपता संपता, पुस्तक मिटताना सांगत आलो.

तुझा प्रबंध ऑगस्टात द्यायचा आहे. 'काम टाकून येऊ नकोस' असं इथे लिहिलं होतं. मग खोडलं. मग 'ये' लिहिलं, तेही खोडलं. खाडाखोड दिसेल तुला. तुझं तू ठरव, मी दोन्हीला हो म्हणेन.

काळं-पांढरं अजून शाबूत आहे, हे पत्र माझ्याच हातचं आहे. पण बारीक टाइपाच्या ओळी मधोमध विरघळल्यासारख्या वाटतात, आणि हे मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही. उद्या सांगतो. रोज सकाळी चहाआधी टॉर्च मारून बघतो. आज सकाळीही मला दोन्ही सारख्याच दिसल्या. कूलर मात्र पुन्हा सुरू केला आहे.

तुझ्या आईमागे या घरात घाबरलो असं म्हणायला कोणी उरलं नाही, म्हणून तुला लिहितो. चिनू, मला भीती वाटते आहे. फार वाटते आहे.

या वेळी मफलर न बांधलेला,
बाबा